लातूरची कविता, जालन्याची सीडी



'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे या जिल्ह्यातला माणूस मुंबईला गेला तरी सांगतो आणि दुबईला गेला तरी सांगतो. ही म्हण नेमकी कुठून आली, यावर या सभागृहात एकमत होणार नाही. आजचा विषय मात्र असा आहे की त्याचं नाव घेताच पुढच्या रांगेतले वडीलधारे खाली बघतात आणि मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपर मारतात. संमतीशिवाय पसरवलेले खासगी फोटो आणि व्हिडिओ, आणि त्याविरुद्धचे कायदे. स्मृतिव्याख्यानात हा विषय कशाला, असंही कोणी विचारेल. मग तो कुठे बोलायचा? घरात बोलत नाहीत, शाळेत बोलत नाहीत, कीर्तनात तर नाहीच. बोललं जातं ते थेट पोलिस ठाण्यात, आणि तोवर फोटो जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत पोचलेला असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. हे सगळं मोबाइलमुळे झालं, इंटरनेटमुळे झालं, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. तर मग १९९४ साली जळगावात कोणता मोबाइल होता? जळगाव वासनाकांड या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. मुलींना फूस लावायची, त्यांची छायाचित्रं काढायची आणि त्या छायाचित्रांच्या धाकावर त्यांचं शोषण करत राहायचं. साधा कॅमेरा, साधी फिल्म. राज्यभर खळबळ उडाली, सरकारने विशेष तपास लावला. मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी त्यात काम केलं. तरी फिर्याद द्यायला पुढे आलेल्या मुली थोड्याच, आणि प्रमुख आरोपीची शिक्षा पुढे अपिलात टिकली नाही. मुली का आल्या नाहीत? कारण त्यांचं लग्न व्हायचं होतं. कारण त्यांच्या धाकट्या बहिणींचं लग्न व्हायचं होतं. फोटो काढणाऱ्याच्या बहिणींच्या लग्नाचं काय झालं, हे त्या वेळी कोणी विचारल्याचं आठवत नाही.

म्हणजे यंत्र बदललं. धाक तोच आहे, आणि तो धाक फोटोत नसतो. फोटो पाहून गाव कोणाकडे बोट दाखवणार, यात असतो. कायदाही बराच काळ गावासारखाच वागला. आजच्या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे. आपला कायदा चित्र किती लाजिरवाणं आहे ते मोजत बसला. ते कोणाच्या परवानगीशिवाय बाहेर आलं, हे विचारायला त्याने फार उशीर केला.

यासाठी आधी लातूरला जाऊ. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडचंच गाव. १९९४ मध्येच, म्हणजे जळगाव गाजत होतं त्याच वर्षी, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका अंकात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापून आली. तक्रार झाली, लातूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला, भारतीय दंड संहितेचं कलम २९२, अश्लीलता. हे प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१५ मध्ये निकाल आला. माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीवरचा खटला कायम राहिला. एकवीस वर्षं! त्याआधी चंद्रकांत काकोडकरांच्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून असाच खटला झाला होता आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कवितेचा आणि या विषयाचा काय संबंध? संबंध असा की २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, तेव्हा त्यातलं कलम ६७ जवळजवळ या २९२ वरूनच उतरवलं गेलं. कामुक भावना चाळवणारा, वाचणाऱ्याला-बघणाऱ्याला बिघडवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं हा गुन्हा. बिघडणारा कोण? बघणारा. कायद्याला काळजी कोणाची? बघणाऱ्याच्या नीतिमत्तेची. जिचा फोटो आहे ती मुलगी या कलमात कुठेच नाही. संमतीचा उल्लेखही नाही. एका कवीची कविता आणि एका मुलीचा चोरून पसरवलेला व्हिडिओ कायद्याने एकाच मापाने मोजला.

म्हणून काही हे कलम वाया गेलं असं नाही, हेही सांगायला हवं. या कलमाखालची देशातली पहिली शिक्षा म्हणून ज्या खटल्याचा दाखला देतात तो चेन्नईचा. २००४ साल. एका महिलेने लग्नाला नकार दिला, म्हणून ओळखीच्या माणसाने तिच्या नावाने याहूच्या ग्रुपवर घाण मजकूर आणि तिचा फोन नंबर टाकला. पोलिसांनी त्याला पकडलं ते मुंबईत. फेब्रुवारीत तक्रार, नोव्हेंबरात शिक्षा. आज एवढ्या वेळात न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवालही हाती पडत नाही.

त्याच वर्षी दिल्लीच्या एका शाळेतल्या दोन मुलांची क्लिप एका संकेतस्थळावर चक्क विक्रीला लागली. संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, उद्योगजगत हादरलं, आणि पुढे माहिती तंत्रज्ञान कायदा दुरुस्त झाला. २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६-ई लागू झालं. इथे पहिल्यांदा संमती आली. कोणाच्याही खासगी अवयवांची प्रतिमा तिच्या किंवा त्याच्या संमतीविना टिपणं, प्रसिद्ध करणं, पाठवणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्री असो, पुरुष असो.

आणि मग २०१३. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, फौजदारी कायदा बदलला आणि दंड संहितेत ३५४-सी हे चोरून बघण्या-टिपण्याविरुद्धचं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्याखालचं एक छोटं स्पष्टीकरण प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावावं असं आहे. ते सांगतं, स्त्रीने चित्र काढायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर ते तिसऱ्याला दाखवणं हा गुन्हा आहे.

पुन्हा एकदा ऐका. काढायला संमती म्हणजे वाटायला संमती नव्हे. एकाला संमती म्हणजे दहांना संमती नव्हे. काल संमती होती म्हणजे आज आहे असं नव्हे. 'तिनेच पाठवला होता साहेब' हा बचाव या ओळीने संपतो. कायद्याच्या पुस्तकात संपतो. पारावर आणि ठाण्यात तो अजून तरणाबांड आहे.

आता कायद्याला काय दिसत नाही, ते पाहू.

समजा, सेलूहून परभणीला एसटीने महाविद्यालयात येणारी एक मुलगी आहे. तिचा आणि एका मुलाचा फोटो, खांद्यावर हात टाकलेला, अंगभर कपडे. ओळख तुटली, आणि तो म्हणतो, 'तुझ्या भावाच्या ग्रुपवर टाकतो.' यात ६६-ई बसत नाही, कारण खासगी अवयव दिसत नाहीत. ७७ बसत नाही. ६७ तर नाहीच, कारण अश्लील काही नाही. पण त्या मुलीचं शिक्षण त्या संध्याकाळी थांबू शकतं, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. चित्र किती उघडं आहे हे मोजणाऱ्या कायद्याला ही मुलगी दिसतच नाही.

यात अजून एक गोष्ट आहे. त्याने फोटो टाकलेला नाही, फक्त टाकतो म्हणाला आहे. आपल्याकडे या धमकीला स्वतःचं असं कलम नाही. फौजदारी धाकदपटशाचं सर्वसाधारण कलम लावायचं, पैसे उकळले तर खंडणीचं. बहुतेक वेळा ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून घेतात आणि 'काही टाकलं तर या' म्हणून परत पाठवतात. टाकल्यावर यायचं! इंग्लंडने २०१५ साली असे फोटो पसरवण्याचा वेगळा गुन्हा केला आणि २०२१ मध्ये नुसत्या धमकीलाही त्यात ओढलं. आपल्या विधिमंडळालाही हे सुचलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी महिला-बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात फोन, ईमेल, समाजमाध्यमांवरून होणाऱ्या छळाचं आणि फोटो-व्हिडिओ टाकण्याच्या धमकीचं वेगळं कलम होतं. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि ती संमती काही मिळाली नाही. फाशीच्या तरतुदीवरून त्याची चर्चा झाली, वाद झाले. या साध्या, रोज उपयोगी पडणाऱ्या कलमाबद्दल कोणी बोललं नाही.

आणि पुरुष? २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्यात काही दिवसांच्या अंतराने दोन तरुणांनी जीव दिला. अनोळखी बाईच्या नावाने मैत्री, खासगी फोटो मागून घेणं, मग पैशांसाठी धमक्या. पुणे पोलिस माग काढत राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पोचले, तेव्हा गावातल्या अनेकांचा हाच धंदा असल्याचं पुढे आलं. त्याच वर्षी मुंबईत मालाडच्या एका माणसाने जीव दिला. कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी त्याचे फोटो बदलून, नग्न करून नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना पाठवले होते. कलम ७७ स्त्रीच्या चित्रापुरतं आहे. पुरुषाला ६६-ई आहे, पण जोडलेल्या खोट्या फोटोत शरीर त्याचं नसतंच. मग 'त्याच्या' खासगी अवयवांची प्रतिमा कशी म्हणायची? नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा चिकटवलेला व्हिडिओ फिरला, तेव्हा हा प्रश्न सगळ्या देशाला पडला. तिच्यासाठी अमिताभ बच्चन बोलले. पूर्णा स्टेशनजवळ राहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेसाठी कोण बोलणार?

एक बारीकशी पण महत्त्वाची बाब. ६६-ई आणि ६७, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं, म्हणून जामीनपात्र. ७७ सुद्धा पहिल्या वेळेला जामीनपात्र. आरोपी दुपारी आत, संध्याकाळी बाहेर, आणि फोन कुठे तरी मित्राकडे. अजामीनपात्र आहे ते ६७-अ, उघड लैंगिक कृतीच्या चित्रणाचं, पहिल्या वेळेला पाच वर्षांपर्यंत. गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण बघा, सगळ्यात कडक कलम पुन्हा अश्लीलतेचंच. पश्चिम बंगालमधल्या तामलूकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये एका तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याने मैत्रिणीचे खासगी फोटो-व्हिडिओ अश्लील संकेतस्थळावर टाकले होते, सोबत तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव. सूडापोटी केलेल्या अशा प्रकारातली देशातली पहिली शिक्षा म्हणून हा खटला ओळखला जातो. फिर्यादीपासून निकालापर्यंत वर्षही लागलं नाही.

आता पुराव्याचा प्रश्न समजून घ्यायला जालन्याला जाऊ या. हाही आपला शेजारी जिल्हा.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालन्यात अर्जुन खोतकर जिंकले, कैलास गोरंट्याल हरले, फरक २९६ मतांचा. गोरंट्याल औरंगाबाद खंडपीठात गेले. म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला. पुरावा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात चालू असलेलं व्हिडिओ चित्रीकरण. त्याच्या सीडी न्यायालयात आल्या. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र? गोरंट्यालांनी मागून मागून अधिकाऱ्यांनी ते दिलंच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी जो निकाल दिला, तो आज देशातल्या प्रत्येक कोर्टात, प्रत्येक व्हॉट्सॲप संदेशाच्या, प्रत्येक सीसीटीव्हीच्या खटल्यात वाचला जातो. मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: भारताचा इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदा जालन्याच्या माणसांच्या नावाने ओळखला जातो.

काय म्हणतो तो निकाल? नक्कल आणायची असेल, म्हणजे प्रिंट, सीडी, पेन ड्राइव्ह, तर प्रमाणपत्र हवंच. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आलं आहे, आणि आता त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पण मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून 'हा माझा फोन' असं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

मूळ यंत्र. हे दोन शब्द घेऊन आपल्या घरात चला. मुलीच्या फोनवर धमकीचा संदेश आला आणि घरात कळलं, तर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं? भाऊ फोन हिसकावतो. संदेश पुसतो. फोन फरशीवर आपटतो, सिम काढून मोडून टाकतो. आई रडत म्हणते, 'आता तरी सुटली ब्याद.' वडील दुसऱ्या दिवशी मुलीचं कॉलेज बंद करतात आणि पंधरा दिवसांत स्थळ बघतात. सगळे तिच्या भल्यासाठीच करतात, बरं का! आणि त्या पाच मिनिटांत सर्वोच्च न्यायालयाने जिला सर्वांत सोपी वाट दाखवली होती, तिची ती वाट आपल्याच घरच्यांनी बुजवलेली असते. आरोपीच्या वकिलाला त्यानंतर फारसं काही करावं लागत नाही.

म्हणून फोन जपा. संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचा नंबर किंवा खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या. संकेतस्थळ असेल तर त्याचा पूर्ण पत्ता उतरवून ठेवा. आणि 'बघा, माझ्या पुतणीचं काय केलं' म्हणून तो फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. पाठवणाऱ्यांच्या यादीत मग तुमचंही नाव येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केलं आहे की मुलांची अशी चित्रं नुसती बाळगणंही गुन्हा ठरू शकतो.

फोटो उतरवण्याचं काय? २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर बंधन घातलं: नग्नता, लैंगिक कृती किंवा बनवलेला खोटा फोटो अशी तक्रार आली की ठरलेल्या तासांत तो काढायचा; २०२१ मध्ये ही मुदत २४ तासांची होती. तक्रार पीडितेनेच करावी असं नाही, तिच्या वतीने कोणीही करू शकतं. भावाने फोन आपटण्याऐवजी हे करावं. शिवाय स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सोय डिसेंबर २०२१ पासून आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो, तेवढाच सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कोणी चढवायला गेलं की तिथे अडतो. गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. १९३० हा क्रमांक बहुतेकांना पैशांच्या फसवणुकीसाठी माहीत आहे. धमकी देऊन पैसे उकळले असतील तर तोही लक्षात असू द्या.

पण व्हॉट्सॲपवरून हजार फोनांत गेलेलं काय काढणार? आणि अश्लील संकेतस्थळांचं? जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एक तरुण वकील बाई आल्या. जुन्या मित्राने चोरून केलेला त्यांचा व्हिडिओ कितीतरी संकेतस्थळांवर होता. एकीकडून काढला की दुसरीकडे उगवत होता. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी केंद्र सरकारला ४८ तासांत तो हटवायला सांगितलं. त्या सुनावणीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. व्हिडिओतल्या माणसाची ओळख पटवण्यासाठी त्या बाईंना सात पुरुष पोलिसांसमोर बसवून तो दाखवला होता, आणि एफआयआरमध्ये त्यांचं नाव तसंच छापलेलं होतं. न्यायमूर्तींनी पोलिसांना चांगलंच सुनावलं. वकील बाईची ही गत, तर सोनपेठच्या शेतमजुराच्या लेकीची काय होईल?

नाव छापण्याबाबत कायदा काय म्हणतो? बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्या कलमात ७७ चा समावेश नाही. तेव्हा इथे बसलेल्या वार्ताहर मंडळींना विनंती की कायदा सांगत नसला तरी तुम्ही नाव गाळा, आणि 'अमुक गावच्या तमुक महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली' असं लिहून नाव गाळल्याचं पुण्यही घेऊ नका.

ठाण्याबद्दल दोन शब्द. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे लहान ठाण्यातले फौजदार 'परभणीला सायबरला जा' म्हणतात. पालमहून परभणीला येणं म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी आणि गावाला एक दिवसाची शंका. हे आता चालायला नको. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचं बंधन घातलं आहे, ऑनलाइन कळवून तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. पालमच्या ठाण्याने गुन्हा नोंदवून घ्यावा, फोन रीतसर पंचनामा करून सीलबंद करावा आणि मग तपास वर पाठवावा. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी.

आणि शेवटची मागणी, ती सरकारकडे. तामलूकच्या न्यायाधीशांनी नुसती शिक्षा दिली नाही. या मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे भरपाई द्या, असं सरकारला सांगितलं. आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी ती आखली गेली, आणि तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतं. जिचा व्हिडिओ पसरवला गेला, तिला कॉलेज बदलावं लागतं, गाव सोडून खोली करावी लागते, समुपदेशकाकडे जावं लागतं, वकील लावावा लागतो. हा सगळा खर्च आज तिचा बाप करतो किंवा कोणीच करत नाही. मनोधैर्यच्या यादीत हा गुन्हा नावानिशी घालावा. त्यासाठी दिल्लीची संमती लागत नाही, राष्ट्रपतींची सही लागत नाही. मंत्रालयातून एक शासन निर्णय निघाला की पुरतं. जिल्ह्याचे आमदार आज या सभागृहात असतील तर त्यांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, आणि नसतील तर उद्या सकाळी त्यांच्या संपर्क कार्यालयात निवेदन घेऊन जायला इथून किती जण तयार आहेत, ते व्याख्यान संपल्यावर दाराशी नावं लिहून सांगावं.